डॉ. सुसान पिकॉट आणि घरची शुश्रूषा

रुग्णाची शुश्रूषा इस्पितळापेक्षा घरातच अधिक होते. परंतु आदिवासींसाठी धोरणे आखताना राज्यकर्त्यांना त्या घराचाच विसर पडतो. अमेरिकेतील ओमाहा जमातीच्या डॉ. सुसान ला फ्लेश पिकॉट यांचे चरित्र या दृष्टीने उद्बोधक आहे.

१८६५ मध्ये नेब्रास्कातील ओमाहा राखीव प्रदेशात, जमातीचे प्रमुख जोसेफ ला फ्लेश यांच्या घरी त्यांचा जन्म झाला. बालपणी त्या एका आजारी वृद्धेच्या उशाशी बसल्या होत्या. वारंवार निरोप धाडूनही गोरा सरकारी डॉक्टर आला नाही आणि वृद्धेने प्राण सोडला. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या ज्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाल्या, तेथेच त्याच वर्षी सुसान दाखल झाल्या आणि १८८९ मध्ये पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या.

सरकारी डॉक्टर म्हणून स्वजनांत परतल्यावर बाराशेहून अधिक माणसांचा भार त्यांच्यावर पडला. घोड्यावरून किंवा बग्गीतून त्या घरोघर जात आणि ओमाहा भाषेतच स्वच्छतेचे, ताज्या हवेचे महत्त्व समजावीत. त्या स्वतः ख्रिस्ती होत्या, मद्यपानाच्या कट्टर विरोधक होत्या. जमातीचे जुने ते सारे त्यांनी शिरोधार्य मानले नाही. तथापि त्यांचा उपदेश परक्याचा हुकूम वाटला नाही, कारण तो घरच्या भाषेत होता.

आजारी आईच्या सेवेसाठी मात्र १८९३ मध्ये त्यांना नोकरी सोडावी लागली. पुढे पतीचेही आजारपण आले. १९०५ मध्ये वैधव्य आल्यावर दोन मुलांच्या वारसाहक्कासाठी सरकारी खात्याशी झगडावे लागले. इतरांच्या उशाशी बसणारीच्या पाठीशी शासन उभे राहिले नाही. १९१३ मध्ये वॉल्टहिल येथे त्यांनी इस्पितळ उभारले, तेही सरकारी पैशाविना. दोनच वर्षांनी त्यांचे निधन झाले.

सेवा सुरक्षित आहे की नाही हे देणाऱ्याने नव्हे, घेणाऱ्याने ठरवावे, हा विचार न्यूझीलंडच्या माओरी परिचारिकांनी १९८० च्या दशकात मांडला. सुसान यांच्या जीवनातून तोच बोध होतो. आदिवासी रुग्णाजवळ बसलेल्या आप्ताला त्याच्या भाषेत मार्गदर्शन, सेवेसाठी रजा आणि पोटापुरते साहाय्य देणे हे औदार्य नव्हे. तो आरोग्यसेवेचा पाया होय.