बिनबियांचं कलिंगड आलं कुठून? गव्हाचं कोडं सोडवणाऱ्या हितोशी किहारांची गोष्ट

उन्हाळ्यात बाजारात बिनबियांचं कलिंगड दिसलं की अनेकांच्या मनात शंका येते. बियाच नाहीत, म्हणजे इंजेक्शन दिलं असेल का? की जनुकांमध्ये काही फेरफार केला असेल?

उत्तर आहे, दोन्ही नाही. या फळामागे एक जपानी शास्त्रज्ञ आहेत आणि त्यांनी आयुष्याचा मोठा काळ घालवला तो गव्हाच्या अभ्यासात. त्यांचं नाव हितोशी किहारा.

सुरुवात गव्हापासून

किहारांचा जन्म २१ ऑक्टोबर १८९३ रोजी टोकियोत झाला. शिक्षण झालं उत्तरेकडच्या होक्काइदोमध्ये. तिथले संशोधक तेत्सु साकामुरा यांनी १९१८ मध्ये गव्हाच्या वेगवेगळ्या जातींमधली गुणसूत्रं मोजली होती. काहींमध्ये १४, काहींमध्ये २८, तर काहींमध्ये ४२. म्हणजे सगळा हिशोब सातच्या पटीत.

किहारांनी हे काम पुढे नेलं. २८ आणि ४२ गुणसूत्रांच्या गव्हांचा संकर केला की ३५ गुणसूत्रांचं रोप तयार व्हायचं, पण ते नीट बी धरायचं नाही. असं का?

पराग आणि बीजांड तयार होताना गुणसूत्रं आधी जोड्या लावतात आणि मग वेगळी होतात. या संकरित गव्हात १४ जोड्या लागायच्या आणि सात गुणसूत्रं एकटी उरायची. इथेच सगळा हिशोब बिघडायचा.

याच अभ्यासातून १९३० मध्ये किहारांनी जीनोमची व्याख्या मांडली. सजीवाला जगण्यासाठी लागणारा गुणसूत्रांचा किमान पूर्ण संच म्हणजे जीनोम.

दोषाचा केला उपयोग

गव्हाला बी न धरणं म्हणजे शेतकऱ्याचं नुकसान, कारण गव्हात आपण बी खातो. पण कलिंगडात आपण गर खातो आणि बिया थुंकून टाकतो. मग तिथे हाच दोष उपयोगी पडला तर?

साध्या कलिंगडात २२ गुणसूत्रं असतात, म्हणजे ११ चे दोन संच. १९३९ च्या सुमारास किहारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्योतोमध्ये यावर काम सुरू केलं. त्यांनी वापरलं कोल्चिसिन. हे वनस्पतींमध्ये सापडणारं रसायन आहे. आपल्याकडच्या कळलावीच्या कंदातही ते असतं.

पेशी दुभंगण्याआधी आपली गुणसूत्रं दुप्पट करते. कोल्चिसिनमुळे ती दोन बाजूंना ओढली जात नाहीत आणि पेशी दुभंगत नाही. अशा प्रकारे ४४ गुणसूत्रांचं कलिंगड तयार झालं. त्याच्या मादी फुलावर साध्या कलिंगडाचे पराग टाकले. त्या फळातल्या बियांमध्ये आली ३३ गुणसूत्रं, म्हणजे ११ चे तीन संच.

तीन संचांच्या जोड्या लागणार कशा? त्यामुळे या बियांपासून वाढलेल्या वेलीला फळं येतात, पण त्यात पक्क्या बिया भरत नाहीत. फोडीत दिसतात ती पांढरी, मऊ, रिकामी टरफलं. आपण खातो त्या फळाला कोल्चिसिन लावलेलं नसतं. ते वापरलं जातं आधीच्या पिढीत, ४४ गुणसूत्रांचं वाण तयार करताना. बाहेरचं जनुकही यात कुठेच घातलेलं नसतं.

१९५१ मध्ये किहारांनी हे संशोधन अमेरिकेतल्या एका शोधपत्रिकेत प्रसिद्ध केलं.

शेतकऱ्यासाठी सोपं नाही

या वेलीचे स्वतःचे पराग निकामी असतात. फळ धरायला शेतात शेजारी साधं कलिंगड लावावंच लागतं. बी उगवायला नाजूक आणि महाग. शिवाय फळातून पुढचं बी मिळत नाही, त्यामुळे दर हंगामात नवं बी विकत घ्यावं लागतं. खाणाऱ्याची सोय झाली, पण त्याचा खर्च शेतकऱ्याच्या माथी आला.

पुन्हा गव्हाकडे

किहारा मात्र कलिंगडावर थांबले नाहीत. आपल्या पोळीच्या गव्हात ४२ गुणसूत्रं असतात. त्यातली २८ एका जुन्या गव्हाकडून आलेली, पण उरलेली १४ कोणाची? १९४४ मध्ये, महायुद्ध सुरू असताना, त्यांनी उत्तर दिलं. ती एका रानटी गवताची आहेत. त्याच काळात अमेरिकेतले मॅकफॅडन आणि सीअर्स हे संशोधकही स्वतंत्रपणे याच उत्तरापर्यंत पोहोचले होते.

१९५५ मध्ये, साठी ओलांडल्यावर, किहारा काराकोरम आणि हिंदुकुशच्या मोहिमेचे प्रमुख म्हणून निघाले. गव्हाचे रानटी नातेवाईक त्यांना त्यांच्या मूळ भूमीत पाहायचे होते. बर्फावरच्या स्कीइंगचंही त्यांना वेड होतं. १९६० आणि १९६४ च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये ते जपानी पथकाचे प्रमुख होते.

२७ जुलै १९८६ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

त्यामुळे पुढच्या वेळी कलिंगडाच्या फोडीत ती मऊ पांढरी टरफलं दिसली, तर घाबरू नका. गव्हाचं रोप बी का धरत नाही, या एका साध्या प्रश्नाचा तो लांबचा परिणाम आहे.