साऱ्या घरांचे वडीलधारे

कुंडलिका नदी रोहे, वरसे या परिसरातून वाहत जाऊन रेवदंड्यापाशी समुद्राला मिळते. तिच्या मुखालगत वसलेले चौल हे एके काळी दूरदेशीच्या व्यापाऱ्यांना ठाऊक असलेले मोठे बंदर होते. या चौलचे नाव आडनावात वागवणारा एक नट हिंदी चित्रपटसृष्टीत चार दशके वावरला. परंतु तो आपला, मराठी घरातला आहे याची जाणीव फार थोड्या मराठी प्रेक्षकांना होती. श्रेयनामावलीत नुसते ‘डेव्हिड’ एवढेच झळके. त्यांचे पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर.

चेऊलकर हे घराणे बेने इस्रायल समाजातले. नौका फुटून अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागलेल्या मोजक्या कुटुंबांपासून आपला वंश वाढला, असे हा समाज परंपरेने मानतो. ही माणसे रायगडच्या गावोगावी पांगली, तेलाचे घाणे चालवू लागली आणि शनिवारी काम बंद ठेवीत म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणवली गेली. त्यांनी आपला धर्म सोडला नाही, आणि भाषा मात्र मराठीच मानली. ज्या गावी राहिले त्या गावाचे नाव घेऊन कोणी पेणकर झाले, कोणी रोहेकर, कोणी अष्टमकर. पेणला आणि रोह्यापलीकडच्या अष्टमीला त्यांची प्रार्थनामंदिरे उभी राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बायबलमधील कथांवर मराठीत कीर्तने करण्यापर्यंत या समाजाची मजल गेली. रंगभूमी आणि चित्रपटही त्याला परके नव्हते. १९३१ साली आलेल्या ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटाचे लेखन ज्यांच्या नावावर आहे, ते पारशी रंगभूमीवरचे नाटककार जोसेफ डेव्हिड हे पेणकरच होते.

डेव्हिड यांचा जन्म विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ठाण्यात झाला. १९३० साली त्यांनी मुंबई विद्यापीठाची पदवी मिळवली. ते दिवस जागतिक मंदीचे होते. पदवीधर तरुण अर्ज लिहून थकत आणि कचेऱ्यांच्या दारांवरून परतत. डेव्हिड यांच्याही वाट्याला सुमारे सहा वर्षांची बेकारी आली. अखेर नायमपल्ली या नटमित्राच्या साहाय्याने १९३७ मध्ये एम. भवनानी यांच्या ‘झांबो’ या चित्रपटात त्यांना शिरकाव मिळाला. बुटका बांधा, गोल चेहरा आणि पुढे टक्कल. नायकाला लागणारे काहीच त्यांच्यापाशी नव्हते, आणि हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाला उमगले असेल असे वाटत नाही. त्यांनी कायद्याची पदवीही घेतली, पण चित्रपट सोडला नाही. १९४१ च्या ‘नया संसार’ने त्यांच्याकडे जाणकारांचे लक्ष वेधले.

पुढे १९५४ साली राज कपूर यांनी निर्मिलेला आणि प्रकाश अरोरा यांनी दिग्दर्शित केलेला ‘बूट पॉलिश’ आला. त्यातले जॉन चाचा हे डेव्हिड यांच्या कारकिर्दीचे शिखर होय. हा जॉन चाचा दारूचा चोरटा धंदा करणारा, पायाने अधू, कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगार. परंतु झोपडपट्टीतल्या दोन अनाथ पोरांना भीक न मागता कष्टाची भाकरी खावी हे शिकवतो तो हाच माणूस. ही भूमिका सहज भाबडी झाली असती. डेव्हिड यांनी ती उपदेशकाची होऊ दिली नाही. स्वतःचे आयुष्य वाया गेले आहे हे ओळखलेल्या माणसाची कळकळ त्यांनी तीत ओतली. म्हणूनच त्या पोरांना त्याचे म्हणणे पटते, आणि प्रेक्षकालाही. साहाय्यक अभिनेत्यासाठीचे फिल्मफेअर पारितोषिक १९५५ साली प्रथमच दिले गेले, ते या भूमिकेला. त्याच वर्षी साहाय्यक अभिनेत्रीचे पहिले पारितोषिक उषा किरण यांना मिळाले. दोन्ही मान मराठीभाषक कलावंतांकडे आले, याची आठवण आज क्वचितच कोणी काढतो.

साऱ्या कारकिर्दीत डेव्हिड शंभराहून अधिक चित्रपटांत दिसले. त्यांतल्या पुष्कळ भूमिका विसरण्याजोग्या होत्या, हेही मान्य केले पाहिजे. हिंदी चित्रपटाने त्यांना एका साच्यात बसवले. प्रेमळ काका, मिस्कील शेजारी, नायकाचा हितचिंतक. त्यापलीकडे त्यांची परीक्षा घेण्याची तसदी सहसा कोणी घेतली नाही. तथापि हृषीकेश मुखर्जी आणि बासू चटर्जी यांच्या मध्यमवर्गीय चित्रपटांत त्यांना योग्य जागा सापडली. ‘अभिमान’मध्ये नवविवाहितांच्या स्वागतसमारंभात पत्नीचे गाणे ऐकून पुढच्या संसारातले वादळ ओळखणारा रसिक वृद्ध ते होतात. ‘गोल माल’मध्ये नोकरीसाठी वणवण करणाऱ्या तरुणाला साहेबाच्या लहरी आधीच समजावून सांगणारे डॉक्टर केदार त्यांनीच उभे केले. ‘बातों बातों में’मधला वांद्रे ते चर्चगेट लोकलमध्ये दोन तरुण जिवांची गाठ घालून देणारा टॉम अंकल त्यांचाच. सहा वर्षे नोकरीवाचून काढलेल्या पदवीधराला या चाकरमान्यांच्या जगाची ओळख कोणी करून द्यावी लागली नसावी.

ही नावे लक्षात घेण्यासारखी आहेत. जॉन आणि टॉम ख्रिस्ती, ‘सत्यकाम’मधला रुस्तम पारशी, केदार हिंदू. डेव्हिड कोणत्याही घरात वडीलधारे म्हणून बसले, तरी उपरे वाटले नाहीत. याचे श्रेय केवळ अभिनयकौशल्याला देता येईल का? इतरांच्या वस्तीत राहावे, त्यांच्या भाषेत बोलावे, त्यांच्या सुखदुःखात सहभागी व्हावे आणि आपले व्रतही मोडू नये, ही रीत त्यांच्या समाजाने कोकणात पिढ्यान्‌पिढ्या पाळली होती. साहाय्यक नटाचे कामही याहून वेगळे नाही. दुसऱ्याच्या कथेत शिरायचे, ती उचलून धरायची, पण स्वतःला पुसून टाकायचे नाही.

पडद्याबाहेरही त्यांना मान होता. समारंभांचे कुशल सूत्रसंचालक म्हणून त्यांची ख्याती होती. फिल्मफेअरच्या सोहळ्यांत त्यांचे निवेदन ऐकण्याजोगे असे. भारोत्तोलनाच्या क्षेत्रात पंच व संघटक म्हणून त्यांनी आस्थेने काम केले. १९६९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. साऱ्या देशाचा हा काका स्वतः मात्र अविवाहित राहिला. अखेरच्या काळात ते कॅनडातील आप्तांकडे गेले आणि २८ डिसेंबर १९८१ रोजी टोरांटो येथे त्यांचे निधन झाले.

तोवर त्यांचा समाजही या भूमीतून बव्हंशी निघून गेला होता. १९४८ मध्ये इस्रायलची स्थापना झाल्यावर हजारो कुटुंबांनी तिकडची वाट धरली. त्यांना येथून कोणी हुसकावले नाही, हे महाराष्ट्राला भूषणावह आहे. पण ती गेल्याने आपले काय उणे झाले याचा हिशेब आपण मांडला नाही, हे तितकेसे भूषणावह नाही. मराठी नटांची गणना करताना डेव्हिड यांचे नाव सहसा येत नाही. नाव परके, कर्मभूमी हिंदी चित्रपटाची. एवढ्यावरून आपण त्यांना दुसऱ्यांच्या खात्यावर टाकून मोकळे झालो. चेऊलकर हे आडनाव तेवढे नीट वाचले असते तरी पुरे होते. आडनावात गाव जपणाऱ्या माणसाची आठवण त्या गावाच्या मुलखाने ठेवली नाही, तर ती इतर कोणी ठेवावी अशी अपेक्षा कशी करायची?