फुप्फुसातील जाळीचा शोधक : मार्सेल्लो माल्पिगी

इसवी सन १६२८ हे साल वैद्यकाच्या इतिहासात दोन कारणांनी लक्षात ठेवावे लागते. त्या वर्षी विल्यम हार्वी या इंग्रज वैद्याचे हृदयाच्या हालचालीवरील छोटेखानी पुस्तक प्रसिद्ध झाले आणि शरीरातले रक्त सतत फिरत राहते, हे त्याने जगापुढे सप्रमाण मांडले. त्याच वर्षी मार्च महिन्यात इटलीतील बोलोन्या शहराजवळच्या क्रेव्हाल्कोरे या गावी, शेतीवाडी बाळगून असलेल्या एका घरात एक मुलगा जन्माला आला. हार्वीच्या सिद्धांतात जो एक दुवा निखळलेला राहिला होता, तो पुढे तेहतीस वर्षांनी या मुलाने शोधून काढला. त्याचे नाव मार्सेल्लो माल्पिगी.

कला महाविद्यालयाच्या वार्षिकात फुप्फुसे आणि बेडूक कशाला, असे काही वाचक म्हणतील. आमच्या संपादक मंडळातही एका मित्राने तसे म्हणून दाखवलेच. त्याला मी एवढेच सांगितले की, हा गृहस्थ मुळात आपल्याच पंथातला. सतराव्या वर्षी तो बोलोन्या विद्यापीठात दाखल झाला तो तत्त्वज्ञान शिकायला. त्याची पहिली वर्षे अॅरिस्टॉटल घोकण्यातच गेली. मी स्वतः तत्त्वज्ञान घेऊन बी. ए. करीत असल्यामुळे मला हा धागा जवळचा वाटला, यात नवल नाही.

१६४९ साली त्याचे आईवडील दोघेही वारले. माल्पिगी घरातला थोरला. धाकट्या भावंडांची जबाबदारी अंगावर पडली, शिक्षण काही काळ बाजूला ठेवून शेतीचे आणि देण्याघेण्याचे व्यवहार निस्तरावे लागले. त्यातून मोकळा झाल्यावर त्याने वैद्यकाची वाट धरली. तिथे त्याला बार्तोलोमेओ मास्सारी नावाचे गुरू भेटले. मास्सारींच्या घरी मोजकी मंडळी जमत आणि प्राण्यांची व मानवी देहांचीही विच्छेदने करीत. ग्रंथात काय लिहिले आहे ते वाचायचे आणि मग सुरीने उघडून खरे काय आहे ते पाहायचे, अशी ती शाळा होती. १६५३ मध्ये त्याला पदवी मिळाली आणि पुढच्याच वर्षी गुरूंच्या धाकट्या बहिणीशी, फ्रान्चेस्काशी, त्याचा विवाह झाला.

१६५६ मध्ये तो पिसा येथे प्राध्यापक म्हणून गेला. तिथली तीन वर्षे त्याच्या आयुष्याला वळण देणारी ठरली, कारण तिथे त्याची जोव्हान्नी बोरेल्ली या गणितज्ञाशी मैत्री जडली. शरीर हे एक यंत्र आहे आणि यंत्राचे सुटे भाग पाहिल्याखेरीज त्याची चाल कळायची नाही, असे बोरेल्लीचे मत. माल्पिगीने त्याला विच्छेदन दाखवावे आणि त्याने माल्पिगीला विचार करण्याची नवी रीत द्यावी, असा तो सौदा होता. दोघांनाही तो फायद्याचा पडला. पिसाची हवा मात्र माल्पिगीला मानवेना. १६५९ मध्ये तो बोलोन्याला परतला.

आता मूळ विषयाकडे वळतो. फुप्फुस म्हणजे काय, याविषयी त्या काळी जी समजूत होती ती आज ऐकताना मौज वाटते. फुप्फुस हे एक प्रकारचे सच्छिद्र मांस आहे, रक्त गोठूनच ते बनले आहे, असे जुन्या ग्रंथांच्या आधाराने शिकवले जाई. हार्वीने रक्ताभिसरण सिद्ध केले खरे. परंतु धमन्यांच्या टोकाशी पोहोचलेले रक्त शिरांच्या मुखात शिरते कसे, हे त्याला दिसले नव्हते. मांसातल्या बारीक छिद्रांतून ते झिरपत असावे, असा त्याचा कयास होता. त्यावर विरोधकांचे म्हणणे, रस्ताच दाखवता येत नसेल तर वरात निघाली कुठून? हार्वी १६५७ मध्ये वारला. उत्तर सापडायला आणखी चार वर्षे जायची होती.

माल्पिगीने काय केले? त्याने फुप्फुसाकडे जाणाऱ्या धमनीतून पाणी सोडून आतले रक्त धुऊन काढले. फुप्फुस पांढुरके, अर्धपारदर्शक झाले. मग श्वासनलिकेतून हवा फुंकून ते फुगवले, तोंड बांधले आणि वाळू दिले. वाळलेला तुकडा उन्हासमोर धरून भिंगातून पाहिला, तेव्हा त्याला मांस दिसलेच नाही. दिसल्या त्या अतिशय पातळ पापुद्र्याच्या असंख्य पिशव्या, एकमेकींना लागून, मधमाशांच्या पोळ्यातल्या घरांसारख्या. श्वासनलिकेची शेवटची टोके या पिशव्यांत उघडत होती. ज्याला लोक मांस म्हणत होते ती खरोखर हवेची घरे होती!

रक्ताचा प्रश्न तरीही शिल्लक होता. मोठ्या प्राण्यांच्या फुप्फुसात गुंतागुंत फार, तिथे काही लागेना. म्हणून तो बेडकाकडे वळला. मला स्वतःला हा त्याच्या बुद्धीचा सगळ्यात मोठा पुरावा वाटतो. बेडकाचे फुप्फुस म्हणजे मोजक्या पडद्यांची एक साधी, पारदर्शक पिशवी. निसर्गाने जणू नकाशाच मोठ्या प्रमाणावर काढून ठेवलेला. जिवंत बेडकाच्या फुप्फुसात त्याला रक्त बारीक नळ्यांतून वाहताना दिसले. मग फुगवून वाळवलेल्या फुप्फुसात ते कोडे पुरते सुटले : धमनीच्या फांद्या बारीक होत होत एका जाळीत शिरत होत्या आणि त्याच जाळीतून शिरांचे उगम निघत होते. रक्त कुठेही मोकळ्या जागेत सांडत नव्हते. ते सगळा वेळ नळ्यांच्या भिंतींच्या आतच होते. या नळ्यांना आज आपण केशवाहिन्या म्हणतो. या कामी बेडूक इतके खर्ची पडले की आपण त्यांची जातच संपवली असावी, असा विनोद त्याने स्वतःच करून ठेवला आहे. आजच्या काळात यावर आक्षेप निघेल, आणि निघायलाही हवा. पण त्या बेडकांचे उपकार आपण विसरू नयेत.

हे सारे त्याने बोरेल्लीला दोन पत्रांतून कळवले आणि १६६१ मध्ये ती पत्रे बोलोन्यात छापली गेली. मोजक्या पानांचा तो मजकूर. रॉबर्ट हूकने बुचाच्या कापातल्या कोठड्यांना पेशी हे नाव दिले तेही त्यानंतर चार वर्षांनी, १६६५ मध्ये. सजीवांचे शरीर पेशींचे बनलेले आहे हा सिद्धांत तर १८३९ पर्यंत यायचा होता. म्हणजे पेशी म्हणजे काय, हे ठाऊक नसताना या माणसाने ऊतींचे शास्त्र सुरू केले!

त्यानंतरच्या साडेतीनशेहून अधिक वर्षांत भिंगे सुधारली, कापांना रंग देण्याच्या युक्त्या निघाल्या, आणि माल्पिगीच्या पिशव्यांचा तपशील भरत गेला. शेजारच्या विज्ञान महाविद्यालयातील एका प्राध्यापकांच्या कृपेने मला या विभागाच्या काही काचपट्ट्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला मिळाल्या. श्वासनलिकेच्या भिंतीत कूर्चेच्या सोळा ते वीस अर्धवट कड्या असतात, मागच्या बाजूला उघड्या. आतल्या अस्तरातल्या पेशींना डोक्यावर बारीक केस असतात; ते शेतातल्या पिकासारखे एका लयीत डोलतात आणि धुळीने भरलेला चिकट शेंबूड घशाकडे वर ढकलत राहतात. तो चिकट पदार्थ तयार करणाऱ्या, पेल्याच्या आकाराच्या पेशी मधूनमधून पेरलेल्या असतात. नलिकेला फाटे फुटत जातात, सुमारे तेवीस वेळा. बारीक फाट्यांत कूर्चा नाहीशी होते, स्नायू तेवढा उरतो; दमा म्हणजे मुख्यतः या स्नायूने गळा आवळणे. आणि शेवटी वायुकोश. त्यांची संख्या तीस ते पन्नास कोटी सांगतात, प्रत्येकाचा व्यास मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढा. सगळे उलगडून पसरले तर सुमारे सत्तर चौरस मीटर जागा व्यापतील, म्हणजे साडेसातशे चौरस फुटांचा ब्लॉक आपण छातीत घेऊन हिंडतो. वायुकोशातली हवा आणि केशवाहिनीतले रक्त यांच्यामधला पडदा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. या पडद्यावर हवेच्या बाजूने पेशींचे अस्तर सलग आहे की नाही, यावर शंभर वर्षे वाद चालला. तो मिटला १९५० नंतरच्या दशकात, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यावर. अस्तर सलग होते, फक्त साध्या भिंगाला दिसू नये इतके पातळ.

या विषयाकडे मी वळलो त्यामागे एक घरगुती कारणही आहे. माझे थोरले मामा पंधरा वर्षे खडी क्रशरवर कामाला होते. दोन वर्षांपासून त्यांना जिना चढवत नाही. एक्स-रे काढल्यावर डॉक्टरांनी सिलिकोसिस सांगितले. दगडाची अगदी बारीक धूळ केसाळ पेशींना चुकवून थेट वायुकोशात पोहोचते. तिथे झाडलोट करणाऱ्या पेशी असतात. त्या धुळीचा कण गिळतात, पण तो त्यांना पचत नाही, उलट त्याच मरतात. पुन्हा नव्या पेशी येतात, त्याही मरतात. या धुमश्चक्रीत त्या नाजूक जाळीच्या जागी घट्ट व्रणाची ऊती तयार होते. मामांना हे मी कागदावर आकृती काढून समजावले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, मग यावर औषध काय? वायुकोशाचा व्रण पुन्हा जाळी करून देणारे औषध नाही. मी गप्प बसलो.

मामांचा हा प्रश्न तीनशे वर्षांपूर्वी माल्पिगीलाही विचारला गेला होता, म्हणून इथे सांगितला.

मधल्या वर्षांचा पाढा मी लांबवीत नाही. १६६२ ते १६६६ तो सिसिलीतल्या मेसिना येथे प्राध्यापक होता. जिभेवरचे रुचीचे उंचवटे, त्वचेचे थर, यकृत, प्लीहा, मूत्रपिंड, जे हाती लागेल ते त्याने भिंगाखाली घेतले. मूत्रपिंडातल्या सूक्ष्म गोळ्यांना, त्वचेच्या एका थराला आजही त्याचेच नाव आहे. रक्तातले तांबडे कणही त्याने पाहिले, फक्त ते चरबीचे गोळे समजला. १६६७ च्या अखेरीस लंडनच्या रॉयल सोसायटीचे सचिव ओल्डेनबर्ग यांचे त्याला पत्र आले. त्यातून रेशीमकिड्यावरचा त्याचा प्रबंध जन्मला. १६६९ मध्ये सोसायटीने तो छापला आणि त्याच वर्षी त्याला सभासद करून घेतले. किड्याला फुप्फुसे नाहीतच, अंगाच्या दोन्ही बाजूंच्या छिद्रांतून बारीक नळ्या सर्व शरीरभर हवा पोहोचवतात, हे त्यात दाखवले होते. श्वास या एका गोष्टीने त्याचा पिच्छा कधी सोडला नाही. वनस्पतींच्या खोडात मळसूत्री नळ्या दिसल्या तेव्हा त्याही श्वासनलिकाच असाव्यात, असे त्याला वाटले. तिथे तो चुकला. त्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या आहेत.

आणखीही एका ठिकाणी तो चुकला, आणि ती चूक मोठी आहे. फुप्फुसांचे काम काय? त्याच्या मते रक्तातले वेगवेगळे कण नीट घुसळून एकजीव करणे. हवेतले काही रक्तात जाते, याची त्याला कल्पना नव्हती. प्राणवायूचा शोध लागला १७७० नंतर. म्हणजे ज्या जाळीतून प्राणवायू रक्तात शिरतो ती जाळी पाहणारा पहिला माणूस ती कशासाठी आहे हे न समजताच गेला. पण त्याने पाहिले ते खरे पाहिले. त्याचे तर्क गळून पडले, आकृत्या राहिल्या.

बोलोन्यात मात्र त्याला सुख नव्हते. स्बराल्या नावाच्या घराण्याशी माल्पिगींचे जुने वैर होते. १६५९ मध्ये त्या घराण्यातला एकजण माल्पिगीच्या भावाच्या हातून मारला गेला होता. त्याच घराण्यातला जोव्हान्नी जिरोलामो स्बराल्या पुढे विद्यापीठात प्राध्यापक झाला आणि १६८९ मध्ये त्याने माल्पिगीच्या साऱ्या कार्यावर हल्ला चढवणारे लिखाण प्रसिद्ध केले. त्याचा मुद्दा साधा होता : भिंगातून दिसणाऱ्या या बारीकसारीक रचनांनी आजवर एक तरी रोगी बरा झाला आहे काय? वैद्याचे काम रोग्याला बरे करणे. बेडकाच्या पडद्यात केशवाहिन्या मोजून ज्वर उतरत नाही.

या प्रश्नाला पुष्कळ चरित्रकार जुन्या वैराचा भाग म्हणून उडवून लावतात. मला तसे करता येत नाही. स्बराल्याचे म्हणणे त्याच्या काळापुरते बरोबर होते. माल्पिगीच्या हयातीत त्या जाळीच्या ज्ञानाने कुणाचा श्वास मोकळा झाला नाही. माल्पिगीने दीर्घ उत्तर लिहिले. यंत्राची रचना ठाऊक असेल तर ते कुठे बिघडले याचा विचार करता येतो, नाहीतर वैद्य अंधारात चाचपडतो, असा त्याचा प्रतिवाद होता. तोही बरोबर होता, पण ती भविष्यकाळावर काढलेली हुंडी होती. ती कुठे वटली ते सांगायचे तर, अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे वायुकोश का मिटतात याचे कारण १९५९ मध्ये सापडले आणि पुढे त्यावर उपचार निघाला. आणि धूळ नेमकी कुठे जाऊन बसते हे कळले म्हणूनच दगड ओला करून फोडावा, तोंडावर योग्य मास्क असावा, हे सांगता येते. मामा ज्या क्रशरवर होते तिथे पाणी मारण्याची सोय नव्हती. हा दोष ज्ञानाचा नव्हे, ज्यांनी पंप बसवला नाही त्यांचा. स्बराल्याच्या प्रश्नाचे उत्तर केवळ प्रयोगशाळेत नसते, एवढे मला यातून कळले.

१६८४ मध्ये माल्पिगीच्या घराला आग लागली आणि सूक्ष्मदर्शक व हस्तलिखिते जळाली. तोवर त्याची पन्नाशी उलटून गेली होती, प्रकृती ढासळली होती. तरी काम थांबले नाही. १६९१ मध्ये पोप बारावे इनोसंट यांनी त्याला आपला खासगी वैद्य म्हणून रोमला बोलावले. त्याला जायचे नव्हते, पण नकार देण्याजोगे ते बोलावणे नव्हते. १६९४ मध्ये फ्रान्चेस्का गेली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस रोममध्ये मेंदूतल्या रक्तस्रावाने माल्पिगी गेला. आपल्या देहाचे विच्छेदन व्हावे अशी त्याची इच्छा होती. ते काम बाल्यीवी या तरुण शिष्याने केले आणि जे दिसले ते क्रमवार लिहून ठेवले. स्बराल्याला दिलेले उत्तर लंडनहून १६९७ मध्ये, त्याच्या इतर अप्रकाशित लेखनासह छापून निघाले. देह बोलोन्याला आणून तिथल्या चर्चमध्ये पुरण्यात आला.