तरुणपणी नेपोलियनच्या तावडीतून निसटला, ७३ व्या वर्षी इंग्रजीला थिसॉरस देऊन गेला

इंग्रजीत मेल लिहिताना एकाच परिच्छेदात 'रिस्क' तिसऱ्यांदा आला, की हात आपोआप दुसरा शब्द शोधायला जातो. मग डेंजर, पेरिल, हॅझर्ड, जेपर्डी, व्हेंचर अशी रांगच समोर येते. इंग्रजी शब्दांना अर्थाप्रमाणे असं एका रांगेत बसवणारा माणूस भाषेचा प्राध्यापक वगैरे नव्हता. तो होता डॉक्टर. नाव पीटर मार्क रॉजे.

रॉजेचा जन्म १८ जानेवारी १७७९ चा, लंडनचा. वडील जिनिव्हाहून आलेले पाद्री. पीटर चार वर्षांचा असताना ते क्षयाने गेले. पुढे मामाने, म्हणजे सॅम्युअल रोमिली यांनी, पोराकडे लक्ष दिलं. हे मामा इंग्लंडमधले नावाजलेले वकील. किरकोळ गुन्ह्यांसाठी दिली जाणारी फाशी बंद व्हावी म्हणून ते पुढे संसदेत लढले.

पीटरला लहानपणापासून वहीत शब्दांच्या याद्या करायचा नाद होता. अभ्यासातही तो हुशार. १७९८ मध्ये, वयाच्या १९ व्या वर्षी, तो एडिनबरा विद्यापीठातून डॉक्टर होऊन बाहेर पडला.

पण एवढ्या पोरसवदा डॉक्टरकडे पेशंट कोण येणार?

१८०२ मध्ये त्याला एक वेगळंच काम मिळालं. मँचेस्टरचे गिरणीमालक जॉन फिलिप्स यांच्या दोन मुलांना युरोप दाखवायचा. इंग्लंड आणि फ्रान्समध्ये नुकताच तह झाला होता, त्यामुळे इंग्रज मंडळी पॅरिसकडे धावत होती. रॉजेही मुलांना घेऊन निघाला. पॅरिस पाहून झालं आणि तिघं जिनिव्हाला पोचले.

मे १८०३ मध्ये तह मोडला. नेपोलियनने हुकूम काढला, की आपल्या हद्दीतल्या १८ ते ६० वयाच्या इंग्रज पुरुषांना कैद करा. जिनिव्हा तेव्हा फ्रान्सच्याच ताब्यात होतं. रॉजे होता २४ वर्षांचा, आणि सोबत दुसऱ्याची मुलं.

रॉजेने वडिलांचं नाव पुढे केलं. वडील जिनिव्हाचे, म्हणजे आपणही जिनिव्हाचेच नागरिक, असा त्याचा दावा. कागदपत्रं जुळवून त्याने तो मान्य करून घेतला. मग साध्या कपड्यांत, चारचौघांत इंग्रजी न बोलता, आडवाटेने तिघांनी स्वित्झर्लंड पार केलं आणि जर्मनी गाठली. त्या वेळी अडकलेल्या कितीतरी इंग्रजांना घरी जायला १८१४ साल उजाडलं.

आता त्या शब्दांकडे येऊ. हे सगळे समानार्थी असले, तरी प्रत्येकाची कुळी वेगळी आहे.

'डेंजर' मुळात मालकाच्या सत्तेशी जोडलेला शब्द. दुसऱ्याच्या मुठीत सापडणं म्हणजे डेंजर. जिनिव्हात रॉजेची अवस्था हीच होती.

'पेरिल' लॅटिनमधून आला. मूळ अर्थ कसोटी. आज तो जिवावर बेतणाऱ्या संकटासाठी वापरतात.

'हॅझर्ड' हा फाशांचा एक खेळ होता. दान कसं पडेल, ते आपल्या हातात नसतं.

'जेपर्डी' जुन्या फ्रेंचमधल्या खेळाच्या भाषेतून आला. डाव बरोबरीत आहे, कुठेही झुकू शकतो, अशी ती स्थिती.

'रिस्क' म्हणजे आपली जोखीम. हा व्यापारातही रुळलेला शब्द. नफा-तोटा मोजून ती घेता येते. रॉजेने नागरिकत्वाचा दावा केला, ती रिस्क. दावा फसला असता, तर थेट कैद.

आणि 'स्टेक' म्हणजे पणाला लावलेली गोष्ट. इथे पणाला लागलं होतं तिघांचं स्वातंत्र्य.

परत आल्यावर रॉजे मँचेस्टरच्या इस्पितळात रुजू झाला. तिथे १८०५ मध्ये त्याने अर्थाप्रमाणे लावलेल्या शब्दांची एक यादी तयार केली. लिहिताना आणि व्याख्यान देताना योग्य शब्द चटकन सापडावा, एवढाच हेतू. ही यादी पुढे जवळपास ४७ वर्षं त्याच्याजवळच राहिली.

मधल्या काळात तो लंडनला आला. गणितासाठी नव्या प्रकारची स्लाइड रूल बनवली आणि १८१५ मध्ये रॉयल सोसायटीचा फेलो झाला. तिथे त्याने वीस वर्षांहून जास्त काळ सचिवपद सांभाळलं.

घरात मात्र आघात होतच राहिले. १८१८ मध्ये मामी वारल्या आणि काही दिवसांतच मामांनी आयुष्य संपवलं. त्यांच्यावर उपचार करणारा डॉक्टर रॉजेच होता. १८३३ मध्ये त्याची पत्नी मेरीही कर्करोगाने गेली.

सचिवपदावरून उतरल्यावर म्हाताऱ्या रॉजेने जुनी वही बाहेर काढली. तीन-चार वर्षं खपून १८५२ मध्ये थिसॉरस छापून आणला. तेव्हा वय ७३. सहा मोठे वर्ग, १,००० शीर्षकं. शब्दांचे अर्थ मात्र कुठेच दिलेले नाहीत. वाचकाच्या मनात कल्पना आहे, शब्द तेवढा सापडत नाही, असं धरून पुस्तक रचलेलं होतं.

आपल्यासाठी खास गोष्ट म्हणजे, अशा रचनेचा सर्वात जुना नमुना म्हणून रॉजेने प्रस्तावनेत नाव घेतलं ते संस्कृतच्या अमरकोशाचं. कोलब्रुकने केलेलं त्याचं इंग्रजी भाषांतर १८०८ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला छापलं गेलं होतं.

१२ सप्टेंबर १८६९ रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी, रॉजे वारला. त्यानंतर मुलाने आणि पुढे नातवाने थिसॉरसचं काम चालू ठेवलं.

पहिल्या आवृत्तीत विरुद्ध कल्पना शेजारी-शेजारी स्तंभांत छापल्या होत्या. त्यामुळे डेंजर, पेरिल, हॅझर्ड, जेपर्डी या सगळ्यांचा शेजारी होता 'सेफ्टी'. धोक्यासाठी शब्द शोधायला पान उघडलं, की सुरक्षिततेचे शब्द बाजूलाच दिसायचे.