कॉलेजचे पहिले वर्ष आणि नरेंद्र

रायपूरच्या तात्यापाऱ्यात वाढलेल्या मुलामुलींना बुढा तलाव ठाऊक असतोच. आज त्याला विवेकानंद सरोवर म्हणतात. याच तलावाजवळच्या बुढापारा भागात स्वामी विवेकानंद किशोरवयात सुमारे दोन वर्षे राहिले, हेही तुम्ही ऐकले असेल. पण रायपूर सोडल्यानंतर त्यांचे कॉलेजचे पहिले वर्ष कसे गेले, हे आपण सहसा वाचत नाही. तुम्ही नुकतेच बारावी होऊन घराबाहेर पडला असाल, किंवा तुमच्या घरातले कोणी यंदा कॉलेजात गेले असेल, तर ही हकीकत जरूर वाचा.

नरेंद्राचा जन्म 12 जानेवारी 1863 रोजी कोलकात्यात झाला. वडील विश्वनाथ दत्त हायकोर्टात वकिली करीत. कामानिमित्त ते रायपूरला आले आणि 1877 मध्ये कुटुंबही त्यांच्यापाठोपाठ निघाले. त्या काळी रेल्वे नागपूरपर्यंतच होती. पुढचा प्रवास जंगलातून बैलगाडीने, पंधरा दिवसांहून अधिक काळ चालला.

रायपुरात नरेंद्राची शाळा सुटली, कारण तिथे त्याच्यासाठी योग्य शाळाच नव्हती. मग वडीलच त्याचे गुरू झाले. घरी जाणती माणसे येत, त्यांच्या चर्चेत या मुलालाही बोलू दिले जाई. आपले मत मांडावे, दुसऱ्याने खोडले तर पुन्हा विचार करावा, ही सवय इथेच लागली. बुद्धिबळ, गाणे, स्वयंपाक हेही तो शिकला. पण या शिक्षणाचे प्रमाणपत्र मिळत नाही!

1879 मध्ये कुटुंब कोलकात्याला परतले, तेव्हा बरोबरीची मुले अभ्यासात पुढे गेली होती. जुन्या शाळेने त्याला परत घेतले. राहिलेला सारा अभ्यास त्याने एका वर्षात भरून काढला आणि एन्ट्रन्स परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण केली. पुढे 1880 च्या आरंभी त्याला प्रेसिडेन्सी कॉलेजात प्रवेश मिळाला. शहरातले सर्वांत नावाजलेले कॉलेज ते! घरच्यांना किती आनंद झाला असेल, याची कल्पना तुम्ही करू शकता.

पण तिथे नरेंद्र जेमतेम वर्षभर राहिला. मलेरियाच्या तापाने त्याला गाठले. वर्ग बुडू लागले आणि हजेरी कमी पडली. हजेरी पुरेशी नाही म्हणून एफ.ए.च्या परीक्षेला बसण्याची परवानगी कॉलेजने दिली नाही. एवढ्या कष्टाने मिळवलेली जागा त्याला सोडावी लागली.

इथे थोडे थांबा. ही गोष्ट सांगताना आपण नेहमी शिकागोपर्यंत धावतो. पण त्या दिवशी त्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलासमोर शिकागो नव्हते. होते ते फक्त हातातून निसटलेले कॉलेज. आज पहिल्या सेमिस्टरला विषय राहतो, होस्टेलमध्ये करमत नाही, आजारपणात महिना जातो, तेव्हा तुम्हालाही असेच वाटते की सारे संपले. घरी फोन करून सांगायचा धीर होत नाही.

नरेंद्राने दुसरा दरवाजा ठोठावला. मिशनरींच्या जनरल असेंब्लीज इन्स्टिट्यूशनने, म्हणजे आजच्या स्कॉटिश चर्च कॉलेजने, त्याला घेतले. तिथूनच तो 1881 मध्ये एफ.ए. झाला. गुण फार नव्हते. पुढे ज्यांच्या इंग्रजी भाषणांनी जग भारावले, त्यांना या परीक्षेत इंग्रजीत पन्नास टक्केही मिळाले नव्हते. मात्र अभ्यासाच्या पुस्तकांपलीकडे त्याचे वाचन अफाट होते. तत्त्वज्ञान, तर्कशास्त्र, इतिहास यांत तो बुडालेला असे. आजीच्या घरातल्या एका लहानशा खोलीत तो एकान्तात अभ्यास करी. आखाडा आणि शास्त्रीय संगीताचा रियाजही सुटला नाही. मित्रांमध्ये तो हसतखेळत राही, पण देवाला कोणी प्रत्यक्ष पाहिले आहे का, हा प्रश्न त्याला आतून स्वस्थ बसू देत नव्हता.

याच दुसऱ्या कॉलेजात एक साधा प्रसंग घडला. इंग्रजीचे अध्यापक आले नव्हते, म्हणून प्राचार्य विल्यम हेस्टी स्वतः वर्गावर आले. वर्ड्‌स्वर्थची कविता शिकवताना भावसमाधी म्हणजे काय, हे समजावण्याची वेळ आली. तेव्हा त्यांनी विद्यार्थ्यांना सांगितले की, अशी अवस्था अनुभवणारी एक व्यक्ती दक्षिणेश्वरला आहे, जाऊन पाहा. ती व्यक्ती म्हणजे श्रीरामकृष्ण. नोव्हेंबर 1881 मध्ये नरेंद्राला त्यांचे प्रथम दर्शन झाले. पुढचे आपण सारे जाणतो.

पहिल्या कॉलेजातून बाहेर पडावे लागले नसते, तर काय झाले असते? हे कोणी सांगू शकत नाही. आणि प्रत्येक अपयशामागे असे भाग्य दडलेले असतेच, असे म्हणणेही खरे नाही. पण एवढे मात्र खरे की, नरेंद्र घरी बसून राहिला असता, तर हेस्टींच्या त्या वर्गात तो नसताच. दरवाजा बंद झाल्यावर दुसऱ्या दरवाजापर्यंत चालत जाणे, एवढे त्याच्या हातात होते आणि ते त्याने केले.

म्हणून तुमचे पहिले वर्ष जड जात असेल तर आजच घरी मोकळेपणाने सांगा. आई-बाबा रागावतील, पण पाठीशीही उभे राहतील. प्रकृती बिघडली असेल तर आधी ती सांभाळा. रोज थोडा वेळ व्यायामाला, थोडा वेळ शांत बसायला द्या. वर्गात जात राहा. आणि पालकहो, मुलाने कमी गुण सांगितले तर लगेच शेजारच्या मुलाशी तुलना करू नका. विश्वनाथबाबूंनी रायपुरात केले तसे त्याला आधी बोलू द्या.

पुढच्या वेळी रायपूरला याल तेव्हा विवेकानंद सरोवराच्या काठी थोडा वेळ बसा. तिथे राहून गेलेल्या त्या मुलाचीही एकदा हजेरी कमी पडली होती, हे आठवा आणि आपल्या कामाला लागा.