रविवार मागणारा माणूस : नारायण मेघाजी लोखंडे

कापसाच्या गिरणीत काम करणाऱ्यांचा एक जुना आजार आहे. वैद्यकशास्त्र त्याला बिसिनोसिस म्हणते. कापसाची बारीक धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे आत जाते, छाती आवळल्यासारखी होते, खोकला आणि धाप लागते. या आजाराची एक खास खूण आहे. सुरुवातीच्या काळात त्रास सगळ्यात जास्त होतो तो साप्ताहिक सुट्टीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी. म्हणूनच जगभरात तो सोमवारचा आजार म्हणून ओळखला गेला. एक दिवस धुळीपासून दूर राहिलेली श्वासनलिका दुसऱ्या दिवशी पुन्हा धूळ भेटताच आकसते. ही खूण पटण्यासाठी मुळात आठवड्यात एक सुट्टी असावी लागते. १८९० पूर्वी मुंबईच्या बहुतेक गिरणी कामगारांना ती नव्हती.

ती सुट्टी मिळवून देण्यात ज्यांचा सर्वांत मोठा वाटा होता, ते नारायण मेघाजी लोखंडे डॉक्टर नव्हते, वकील नव्हते आणि सांच्यावर राबणारे कामगारही नव्हते. भारतीय कामगार चळवळीचे जनक म्हणून त्यांचे नाव पाठ्यपुस्तकात येते. पण त्यांच्या मागण्यांची यादी आज वाचली तर ती आरोग्याच्या मागण्यांची यादी वाटते. दुसऱ्यांच्या शरीराची कैफियत मांडणारा आवाज त्यांना कसा सापडला, ही गोष्ट म्हणूनच पाहण्यासारखी आहे.

गिरणीच्या कोठारातून

लोखंडे यांचा जन्म १८४८ सालचा, ठाण्यातला. घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यातल्या कन्हेरसरचे. घरची परिस्थिती बेताची. शाळेचे शिक्षण झाल्यावर पुढे शिकणे परवडणारे नव्हते, म्हणून त्यांनी आधी रेल्वेत, मग टपाल खात्यात आणि त्यानंतर मुंबईतल्या एका कापड गिरणीत स्टोअरकीपर म्हणून नोकरी धरली.

कोठार सांभाळणाऱ्या माणसाची जागा मोक्याची असते. तो मालकाच्या कचेरीतही जातो आणि खात्यांतही फिरतो. आत काय चालते हे लोखंडे रोज पाहत होते. सूर्य उगवला की यंत्रे सुरू आणि सूर्य मावळला की बंद, असा दिवस. उन्हाळ्यात तो तेरा-चौदा तासांवर जाई. यंत्र जेवणासाठी थांबत नसे. शेजारच्या सोबत्याला आपले यंत्र पाहायला सांगायचे आणि कोपऱ्यात भाकरी उरकायची. सूत तुटू नये म्हणून हवा दमट ठेवलेली, त्यात कापसाचे तंतू तरंगणारे आणि सांच्यांचा कानठळ्या बसवणारा आवाज. पगार महिना उलटून गेल्यावरही हातात पडेलच असे नाही, त्यामुळे वाण्याची उधारी कायमची. हात यंत्रात सापडला तर नोकरीही गेली आणि मजुरीही.

१८८१ साली पहिला कारखाना कायदा झाला. त्यासाठी सोराबजी शापूरजी बंगाली यांच्यासारख्या मुंबईकरांनी बरीच खटपट केली होती. पण त्या कायद्याने मुख्यतः मुलांचा विचार केला : सात वर्षांखालील मुलांना कामावर घ्यायचे नाही आणि सात ते बारा वयाच्या मुलांना दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त राबवायचे नाही. मोठ्या स्त्री-पुरुषांच्या तासांबद्दल, विश्रांतीबद्दल त्यात काही नव्हते.

आधी वर्तमानपत्र, मग सभा

याच सुमारास लोखंडे महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजात आले होते. सभा भरवणे, वर्गणी गोळा करणे, लोकांच्या घरी जाऊन बोलणे, अर्ज लिहून देणे ही कामे त्यांनी तिथे केली. समाजाचे विचार मांडण्यासाठी कृष्णराव भालेकर यांनी १८७७ साली पुण्यात 'दीनबंधु' हे साप्ताहिक सुरू केले होते. ते चालवणे अशक्य झाले तेव्हा १८८० मध्ये लोखंडे यांनी ते मुंबईला आणले आणि स्वतः संपादक झाले. शेतकऱ्यांच्या आणि गिरणी कामगारांच्या हालअपेष्टा त्यातून नेमाने छापून येऊ लागल्या.

त्या काळी ही बाजू घेणे सोपे नव्हते. भारतीय गिरण्यांवर कायद्याची बंधने आणावीत, असा आग्रह इंग्लंडमधल्या लँकेशायरचे कापड गिरणीवाले धरत होते. त्यात त्यांचा स्वार्थ उघड होता. येथील गिरण्यांचा माल महाग झाला तर त्यांचा माल खपणार होता. त्यामुळे इथल्या बऱ्याच सुशिक्षितांना आणि वर्तमानपत्रांना कारखाना कायदा हे देशी उद्योग बुडवण्याचे कारस्थान वाटे. कामगारांच्या विश्रांतीची बाजू मांडणे म्हणजे परक्यांना मदत करणे, असा आरोप सहज होऊ शकत होता. परक्यांचा हेतू काहीही असो, इथल्या माणसाचे शरीर थकते ते थकतेच, ही भूमिका लोखंडे यांनी सोडली नाही.

साडेपाच हजार सह्या

१८८४ साली मुंबई सरकारने कायद्यात सुधारणा हवी का हे तपासण्यासाठी एक आयोग नेमला. अशा चौकशीत मालक बोलत, अधिकारी बोलत, डॉक्टर बोलत. कामगारांनाच सुट्टी नको आहे, सुट्टी म्हणजे त्यांची मजुरी बुडते, असे त्यांच्या वतीने इतरच सांगून टाकत. लोखंडे यांनी ठरवले, की कामगारांचे म्हणणे कामगारांकडूनच यावे. सप्टेंबर १८८४ मध्ये परळ भागात गिरणी कामगारांच्या सभा भरल्या. तेथे एक निवेदन तयार झाले आणि त्यावर सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्या झाल्या. बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन या नावाची सुरुवातही येथूनच झाली.

निवेदनात मागण्या पाचच होत्या. दर रविवारी सर्वांना पूर्ण सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला बंद. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार, तर जन्माचे अपंगत्व आले तर पोटापाण्याची सोय.

यातल्या प्रत्येक मागणीचा शरीराशी संबंध आहे. थकलेल्या माणसाची नजर आणि हात मंदावतात आणि यंत्रावर अपघात होतात. वेळेवर न मिळालेला पगार ताटातून दूध आणि डाळ कमी करतो. पगाराची हमी नसलेला जखमी माणूस जखम भरण्याआधीच कामावर परततो.

रविवारच कशासाठी, यालाही लोखंडे यांच्याकडे कामगारांना पटेल असे उत्तर होते. रविवार हा खंडोबाचा वार. सातारा-पुण्याकडून, कोकणातून आलेल्या कामगारांच्या घरी तो पाळला जात असे. सहा दिवस मालकाचे काम केल्यावर एक दिवस आपल्या देवासाठी, घरासाठी आणि समाजासाठी मिळावा, हे सांगायला वेगळे पुस्तक उघडावे लागत नव्हते. सरकारी कचेऱ्यांना रविवारची सुट्टी आधीपासून होतीच. लेखणी चालवणाऱ्याला जी विश्रांती लागते ती सांचा चालवणाऱ्याला का लागू नये, हा प्रश्न त्यातून आपोआप उभा राहत होता.

महालक्ष्मीची सभा

आयोगाचा अहवाल आला, पण कायदा जागचा हलला नाही. लोखंडे यांनी पुन्हा अर्ज केले. १८८९ मध्ये निवेदन थेट गव्हर्नर जनरलपर्यंत गेले. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्स मैदानावर सुमारे दहा हजार गिरणी कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. इतक्या वर्षांत सभेपुढे उभे राहण्याची सवय एकट्या लोखंडे यांना नव्हे, तर कामगारांनाही झाली होती.

सभेचे निवेदन मिलमालकांच्या संघाकडे गेले आणि १० जून १८९० रोजी संघाने गिरण्यांना आठवड्याची सुट्टी देण्याचे मान्य केले. त्या वर्षी सरकारने नेमलेल्या नव्या कारखाना आयोगाच्या मुंबईतल्या कामकाजात लोखंडे यांना सहभागी करून घेण्यात आले. पुढे १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुट्टी आणि दुपारचा अर्ध्या तासाचा थांबा देशभरातल्या कारखान्यांसाठी बंधनकारक केला. स्त्रियांच्या कामाचे तास अकरावर आणि नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांचे सातवर आणले. प्रौढ पुरुषांच्या तासांना मर्यादा मात्र १९११ पर्यंत मिळाली नाही. जखमी कामगाराला भरपाई देणारा कायदा यायला तर १९२३ साल उजाडले.

जगाच्या तुलनेत पाहिले तर ही सुट्टी उशिरा आलेली नव्हती. आठवड्यातून सलग २४ तास विश्रांती हवी, असा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा करार १९२१ चा. मुंबईच्या गिरण्यांनी ती त्याआधी ३१ वर्षे मान्य केली होती. लोखंडे यांच्या मागणीला पुढे शास्त्राचा आधारही मिळाला. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये एकत्रितपणे प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त असतो, तर हृदयविकाराने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी.

लोखंडे यांच्या संघटनेबद्दल एक गोष्ट नोंदवायला हवी. तिला सभासदांची यादी नव्हती, निधी नव्हता, लेखी नियम नव्हते. सरकारी अहवालांनीही हे नमूद केले आहे. कामगार अडचण घेऊन येत आणि लोखंडे सल्ला देत, अर्ज लिहीत, असे तिचे स्वरूप होते. त्यामुळे आजच्या अर्थाने ती कामगार संघटना नव्हती असे अभ्यासक म्हणतात, आणि ते खरे आहे. पण यावरून हेही कळते, की ५,५०० सह्या आणि दहा हजारांची सभा कोणत्याही तिजोरीशिवाय, केवळ विश्वासावर उभी राहिली होती.

गिरणीबाहेर

हा आवाज गिरणीच्या फाटकाशी थांबला नाही. १८९० सालीच लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या नाभिकांनी विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला. १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल उसळली तेव्हा सलोख्यासाठी त्यांनी राणीच्या बागेत मोठी सभा घेतली. १८९५ मध्ये सरकारने त्यांना रावबहादूर हा किताब दिला.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. हा रोग उंदरांवरच्या पिसवांतून पसरतो हे तेव्हा कळलेले नव्हते. ते दाखवून दिले पॉल-लुई सिमाँ यांनी, १८९८ मध्ये. हाफकिन यांनी आपली लस स्वतःला टोचून घेतली ती १० जानेवारी १८९७ रोजी. तोवर हाताशी काही नव्हते. लाखो लोक मुंबई सोडून गावाकडे निघाले, गिरण्या ओस पडू लागल्या. सक्तीने रुग्णालयात नेतात या भीतीने लोक आजारी माणसाला घरातच लपवत. आपल्या ओळखीच्या लोकांनी चालवलेले रुग्णालय असेल तरच ते तिथे येतील, हे लोखंडे यांना ठाऊक होते. सत्यशोधक सहकाऱ्यांसह त्यांनी असे रुग्णालय उभे केले आणि ते रुग्णांमध्ये वावरत राहिले. त्यातच त्यांना प्लेगची लागण झाली. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी ते गेले. वयाची पन्नाशीही झालेली नव्हती. त्यानंतर महिनाभराने, १० मार्चला, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचाही त्याच रोगाने मृत्यू झाला.

अजून न आलेला रविवार

लोखंडे यांच्या नावाची श्रमविज्ञान संस्था आज परळमध्ये आहे आणि २००५ साली त्यांचे टपाल तिकीट निघाले. त्यांनी मागितलेला रविवार मात्र सगळ्यांपर्यंत पोहोचलेला नाही. जालना जिल्ह्यातील तीर्थपुरीच्या परिसरात गाळप हंगाम सुरू झाला, की साखर कारखान्याच्या आतल्या कामगाराला कायद्याने आठवड्याची सुट्टी मिळते. त्याच कारखान्यासाठी फडात ऊस तोडणाऱ्या कोयत्याला ती मिळत नाही. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते, पहाटे तोड सुरू होते, गाडी आली तर रात्री भरावी लागते आणि एखादा दिवस पडून राहिले तर खाडा कापला जातो. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांची २०१९ मध्ये पाहणी झाली. त्यात सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यामागे अनेक कारणे आहेत, पण पाळीच्या दिवसांतही सुट्टी घेता येत नाही, हे त्यातले एक.

अशा ठिकाणी कोणी बोलायचे, हा प्रश्न दरवेळी पडतो. लोखंडे यांच्याकडे अधिकारपद नव्हते. त्यांनी आधी पाहिले आणि ऐकले, मग ते छापले, मग ज्यांचे दुखणे होते त्यांना एकत्र बसवून त्यांच्या सह्या घेतल्या आणि तो कागद योग्य टेबलावर पुन्हा पुन्हा ठेवला. पहिल्या निवेदनापासून पहिल्या रविवारपर्यंत सहा वर्षे लागली. ग्रामसभा, आरोग्य केंद्राची रुग्ण कल्याण समिती, शाळेची व्यवस्थापन समिती अशी टेबले आज गावोगाव आहेत. फडातल्या बाईची कैफियत तिथे तिच्याच सहीने पोहोचवायला लोखंडे यांच्यासारखा एखादा स्टोअरकीपरही पुरेसा असतो.