एमी जॉन्सन : लंडन ते डार्विन

आपल्या शाळेतल्या पृथ्वीगोलावर मी दोरा लावून बघितला. एक टोक लंडनवर, दुसरे ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरावर. सरळ अंतर भरते सुमारे १४ हजार किलोमीटर. पण ही हकिगत ज्या मुलीची आहे तिला सरळ जाता आले नाही. तिचे विमान लहान, पेट्रोल थोडे. म्हणून मुक्काम करत करत तिला जवळजवळ १८ हजार किलोमीटर उडावे लागले.

एमी जॉन्सनचा जन्म १९०३ साली इंग्लंडमधल्या हल गावी झाला. वडिलांचा मासळीचा व्यापार. मोठी झाल्यावर ती लंडनला एका वकिलाच्या कचेरीत नोकरी करू लागली आणि तिथेच विमान चालवायला शिकली. नुसते चालवायलाच नाही हं! इंजिन खोलून दुरुस्त करायचा परवानाही तिने १९२९ साली मिळवला.

५ मे १९३० रोजी ती लंडनजवळच्या क्रॉयडनहून एकटीच निघाली. वय २६. त्याआधी ती फार तर लंडनहून आपल्या गावापर्यंत उडाली होती! विमानाला वर छप्पर नाही, रेडिओ नाही. बगदादच्या अलीकडे वाळूचे वादळ आले तेव्हा ती वाळवंटातच उतरली. विमान उडून जाऊ नये म्हणून चाकांना सामानाची अडण लावली आणि वादळ थांबेपर्यंत तिथेच बसून राहिली. मला तर वाचतानाच भीती वाटली.

सहाव्या दिवशी ती कराचीला पोचली. एकट्याने इतक्या लवकर तोवर कुणीच आले नव्हते. पुढे पेट्रोल संपत आले म्हणून ती झाशीला उतरली. होय, आपल्या राणी लक्ष्मीबाईंचीच झाशी!

मग कलकत्त्याहून रंगूनला जाताना पाऊस लागला. रंगूनजवळ उतरताना विमान खड्ड्यात गेले, पंख फाटला, पंखा मोडला. तिथल्या तंत्रशाळेतले लोक मदतीला धावले. फाटक्या पंखाला त्यांनी चक्क शर्टाचे कापड लावले. पण दुरुस्तीत दिवस गेले ते गेलेच.

२४ मेला ती डार्विनला उतरली, म्हणजे निघाल्यापासून एकोणीस दिवसांनी. हिंकलर नावाच्या वैमानिकाने हेच अंतर १९२८ साली साडेपंधरा दिवसांत कापले होते. तो विक्रम मोडला नाही म्हणून ती नाराज झाली. लोकांनी मात्र तिला डोक्यावर घेतले, कारण एकटीने हा प्रवास करणारी ती पहिलीच बाई. मला विचाराल तर रंगूनचे दिवस हिशोबात धरायलाच नकोत.

२०१८ सालापासून लंडनहून ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरापर्यंत विमान कुठेही न थांबता जाते. अंतर साडेचौदा हजार किलोमीटर, वेळ सुमारे १७ तास. एमीला एवढ्या वेळात व्हिएन्नाच्या पुढे फारसे जाता आले नाही.

दुसऱ्या महायुद्धात ती सैन्याची विमाने एका तळावरून दुसऱ्या तळावर पोचवत असे. ५ जानेवारी १९४१ रोजी खराब हवेत ती थेम्स नदीच्या मुखाशी समुद्रात पडली. तिचा देह सापडला नाही. डार्विनला नेलेले तिचे हिरवे विमान मात्र लंडनच्या विज्ञान संग्रहालयात जपून ठेवले आहे.